पावसाळ्यात अडकणाऱ्या दाराला लगेच रंधा लावू नका

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खालची दारं-चौकटी सागाच्या, त्याही तेव्हा नव्या घेतलेल्या नाहीत, दांडिया बाजारातलं जुनं घर उतरवलं तेव्हा तिथून आणून बसवलेल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये घरात दोन दिवस गुडघाभर पाणी होतं. तेव्हापासून मधल्या खोलीचं दार पावसाळ्यात अडकतं, आता तर खांदा लावून ढकलावं लागतंय, आणि ७८ वर्षांच्या सासूबाईंना ते एकटीने उघडता येत नाही, रात्री बाथरूमला जायचं तर सुनेला उठवावं लागतं. त्याच दाराच्या चौकटीच्या पायाशी लाकूड बोटाने दाबलं तर आत जातं. वरच्या खोलीत पश्चिमेला अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आहे, वाऱ्याचा पाऊस आला की आत पाणी, तीनदा सिलिकॉन मारून झालं. बाथरूमचं दार खालून फुगलंय. मिस्त्री आला, दहा मिनिटांत घर बघितलं आणि म्हणाला, "बेन, आ बधुं काढी नाखो, यूपीव्हीसी नखावी दो." म्हणजे ताई, हे सगळं काढून टाका, यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची दारं-खिडक्या, बसवून घ्या. मिस्टरांना पटलंय, सासूबाईंना अजिबात नाही, घरात तीन वर्षांचा नातूही आहे, आणि ताई विचारतात की काका, खरंच सगळं काढायचं का, की यातलं काही वाचतं?

ताई, वाचतं. बाथरूमचं दार सोडलं तर जवळजवळ सगळं वाचतं. आणि मधल्या दाराला आत्ता, या पावसात, कोणालाही रंधा लावू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला की पाच मिनिटांचं काम आहे तरी. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण मी स्वतः हे करून बसलोय. प्रतापनगरच्या आमच्या घरी असंच सागाचं दार ऑगस्टमध्ये अडकायला लागलं, मी सुतार बोलावला, त्याने कडेने छान साल काढली, दार लोण्यासारखं फिरायला लागलं. डिसेंबरात बघतो तर कडीच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट. दार बंद केलं तरी पलीकडचा उजेड दिसायचा, कडी कोयंड्यात धड बसेना. शेवटी तासलेल्या बाजूला सागाची पट्टी चिकटवून घ्यावी लागली आणि तो जोड अजून दिसतो. चांगलं लाकूड होतं हो ते, वलसाडी साग, तसं आता मिळवायला किती फिरावं लागतं.

असं का होतं तर लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं, आणि फुगतं ते फक्त आडवं, रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही, म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं आणि रुंदीला वाढतं. तीन फुटी दारात पावसाळा आणि उन्हाळा यांच्यात दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि दार-चौकटीमधली फट असते मुळात तीन मिलिमीटरची, म्हणजे कुठे अडकणार ते उघडच आहे. ते वाढलेलं लाकूड दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आपोआप मागे जातं. आत्ता तासलं म्हणजे जे चार महिन्यांनी आपोआप गेलं असतं ते कायमचं कापून टाकलं.

पण माझा अंदाज असा की तुमचं दार नुसतं फुगलेलं नाहीये. फुगलेलं दार एकसारखं घासतं, वरपासून खालपर्यंत. तुम्ही लिहिलंय की दार वर कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात अडकतं आणि खाली फरशीवर अर्धगोल चरा पडलाय. हे दार खाली बसल्याचं, म्हणजे वरची बिजागरी ढिली झाल्याचं लक्षण. दाराचं सगळं वजन त्या वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं, तिचे स्क्रू अर्धा मिलिमीटर जरी सैल झाले तरी पलीकडचा कोपरा चांगला खाली येतो. माझे आजोबा सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात सुतारकाम शिकलेले, ते कुठल्याही घरी गेले की दार अर्धं उघडून कडीकडची कड दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचलून बघायचे. वर उचललं जातंय, कुईकुई वाजतंय, म्हणजे बिजागरी. तुम्हीही आत्ता जाऊन एवढं करा.

नेमकं कुठे घासतंय ते डोळ्यांनी समजत नाही. रंगीत खडू घ्या, नातवाचा असेलच, चौकटीच्या आतल्या कडेला वरपासून खालपर्यंत घासा आणि दार सावकाश एकदा लावून उघडा. दाराच्या कडेवर जिथे रंग उमटला तेवढीच जागा घासते. बहुतेक वेळा तो वीतभर पट्टा निघतो, आणि त्या वीतभरासाठी सुतार सात फूट लाकूड तासतो.

आता बिजागरीचं. दाराखाली आधी पाचर घालून वजन टेकवून घ्या, हे विसरू नका, बिजागऱ्या खोलताना दार अंगावर येऊन पाय मोडलेले मी बघितलेत. एका वेळी एकच स्क्रू काढायचा. जुने स्क्रू बहुतेक एक इंचाचे, गंजून बारीक झालेले निघतील आणि भोक सैल झालेलं असेल, त्यात तोच स्क्रू पुन्हा पिळून काही होत नाही, तो नुसता फिरतो. भोकात सागाची नाहीतर बांबूची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून हातोडीने ठोकून भरायची, वरचा भाग पटाशीने सपाट करायचा, आणि या दमट हवेत किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यायचं, मग नवं बारीक भोक पाडून दोन इंची स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. आगपेटीच्या काड्या पण घालतात लोक, पण त्या मऊ असतात, वर्षभरात पुन्हा तेच. सात फुटी सागाच्या दाराला तीन बिजागऱ्या पाहिजेत, तुमच्याकडे दोनच असतील तर मधे तिसरी घालून घ्या. आणि एवढं करूनही थोडं घासत असेल तर खडूच्या खुणेवर साधी मेणबत्ती चोळा, जाड थर बसेपर्यंत. पावसाळा त्यावर निघतो. सासूबाईंचं दार या आठवड्यात हलकं व्हायला हवं आणि ते एवढ्यात होईल.

चौकटीच्या पायाचं मात्र थोडं गंभीर आहे. २०२४ च्या त्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २५ फूट, आणि ज्या घरांत ते गढूळ पाणी उभं राहिलं त्यांच्या चौकटींचा खालचा हात-दीड हात भाग अजूनही त्याचं फळ भोगतोय. पाणी ओसरल्यावर आपण सगळ्यांनी फरशी पुसली, भिंती रंगवल्या, पण चौकटीची भिंतीत गाडलेली मागची बाजू कोणी बघत नाही. ती बाजू बहुतेक वेळा कोरी असते, ना रंग ना तेल, आणि विटेतला ओलावा ती महिनोन्‌महिने चोखत बसते. पुढून ऑइल पेंट असल्यामुळे तो ओलावा बाहेर पण येऊ शकत नाही. मग आतून कुजणार, नाहीतर वाळवी.

दोन्हीत फरक कसा ओळखायचा ते सांगतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून वर टकटक करत जा, ठणठणीत आवाज बदलून बदबद येतो ती हद्द पेन्सिलने आखून ठेवा. मग टोकाने थोडं उकरा. काळपट, ओलसर, चौकोनी तुकडे सुटत असतील तर कूज. आत रेषेरेषेने पोकळ, पापुद्र्यासारखं आणि त्यात माती भरलेली असेल तर वाळवी, आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात कुठेतरी पेन्सिलीएवढी मातीची नळी पण सापडेल. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवी सहसा खात नाही, ती खाते कडेचा पांढरा भाग, म्हणून जुनी जाड चौकट वरून कितीही वाईट दिसली तरी आत बरंच शाबूत असतं. वाळवी निघाली तर रॉकेल-डिझेल ओतून ती फक्त जागा बदलते, जमिनीखाली तिचं घर तसंच राहतं. लायसन असलेला पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, तो भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण फुटा-फुटावर भोकं पाडून जमिनीत औषध सोडतो, त्याशिवाय लाकडाला हात लावण्यात अर्थ नाही. नातू आणि सासूबाई त्या दिवशी दुसरीकडे राहू देत.

हे झालं की चौकट काढायची नाही, तिचा पाय बदलायचा. खराब हद्दीच्या वर अजून तीन-चार इंच चांगल्या लाकडात जाऊन तिरका काप घ्यायचा आणि तेवढ्याच जाडीचा जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, वॉटरप्रूफ ग्लू आणि बाजूने दोन स्क्रू. सांधा आडवा सपाट ठेवला तर तो उघडतो, तिरका पाहिजे, आणि काप असा की पुढच्या बाजूने उतार बाहेर येईल, पाणी सांध्यात न जाता खाली ओघळेल. नव्या तुकड्याला भिंतीत जायच्या आधी चारी बाजूंनी आणि बुडाला प्रायमरचे दोन हात. बुड थेट फरशीवर टेकवू नका, खाली ग्रॅनाइटचा छोटा तुकडा द्या म्हणजे पोछ्याचं पाणी लाकडात चढणार नाही. जुना साग जुन्या बाजारात, उतरवलेल्या घरांच्या लाकडात मिळतो. हे काम करणारा सुतार शोधावा लागेल हे खरंय, प्लायवुडचे कपाट करणारे बहुतेक जण नाही म्हणतील. म्हातारा सुतार शोधा, किंवा मंदिराचं लाकूडकाम करणारा.

पण हे सगळं दिवाळीनंतर. आत्ता ओल्या लाकडावर ग्लू धरणार नाही.

वरच्या खिडकीकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला एक गोष्ट दिसली आणि मी तो मोठा करून तीनदा बघितला. बाहेरच्या बाजूला खालच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर पांढऱ्या सिलिकॉनची एक सलग रेघ आहे, बोटाने सारखी केलेली, इकडून तिकडे. त्या रेघेखाली दोन ठिकाणी किंचित खोलगट दिसतंय ना, ती पाणी जायची भोकं आहेत. तीन वेळा सिलिकॉन मारणाऱ्याने भोकंच बंद करून टाकली. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी येतंच, ती तशीच बनवलेली असते, दोन पल्ले एकमेकांवरून सरकायचे म्हणजे मधे फट राहणार, आणि आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, पश्चिमेच्या खिडकीवर सरळ आदळतो. ट्रॅकमध्ये आलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. ती बंद, म्हणजे ट्रॅक भरणार आणि पाणी आतल्या बाजूने सांडणार. जेवढं सिलिकॉन जास्त तेवढं पाणी घरात जास्त.

ब्लेडने ती रेघ त्या दोन जागी कापा, बारीक तारेने भोकं मोकळी करा, ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढा (वरच्या मजल्यावर बाहेर वाकून हे करू नका, पल्ला आत काढून घ्या, वर उचलला की निघतो, दोघांनी धरा). मग ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओता आणि बघत उभ्या राहा. अर्ध्या मिनिटात बाहेरच्या भिंतीवरून ओघळायला लागलं की अर्धं काम झालं.

तरीही आत येत असेल तर मग दुसरं कारण शोधा आणि ते खालून वर शोधायचं. एकाने बाहेरून, गच्चीतून किंवा खाली उभं राहून, पाइपने आधी फक्त खिडकीखालच्या भिंतीवर पाणी मारायचं, मग कडांवर, मग वर छज्ज्याच्या बुडाशी, आणि दुसऱ्याने आत उभं राहून सांगायचं कधी आलं ते. सगळीकडे एकदम मारलं तर काहीच समजत नाही. दोन जागा मी आधी बघेन. एक, खिडकीखालच्या बाहेरच्या कठड्याचा उतार, तो बाहेरच्या बाजूला हवा, कितीतरी घरांत फरशी सपाट किंवा आतल्या बाजूला कललेली असते, त्यावर एक चमचा पाणी टाकलं की कळतं. दुसरी, छज्ज्याची खालची बाजू. पाणी छज्ज्याच्या कडेवरून नुसतं खाली पडत नाही, ते खालच्या पृष्ठभागाला चिकटून भिंतीपर्यंत चालत येतं आणि खिडकीच्या डोक्यावर उतरतं. म्हणून जुने गवंडी छज्ज्याच्या खाली, कडेपासून दीड-दोन इंच आत, एक खाच ठेवायचे, तिथे थेंब अडतो आणि सुटून पडतो. तुमच्या छज्ज्याला ती दिसत नाही. आता खाच पाडायची गरज नाही, त्या जागी खालून अ‍ॅल्युमिनियमची बारीक एल पट्टी चिकटवून स्क्रू केली तरी तेच काम करते.

सिलिकॉन लागलंच तर न्यूट्रल मागा. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते काचेला ठीक, पण सिमेंट-प्लास्टरला नीट धरत नाही आणि धातूला खातं. जुनं पूर्ण खरवडून, कोरड्या दिवशी. सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही, तुमच्याकडे तीन थर आहेत आणि बहुतेक तिन्ही सुटलेले असतील.

बाथरूमचं दार काढा. फ्लश डोअरच्या, म्हणजे दोन्हीकडून प्लाय लावलेल्या सपाट दाराच्या, आतला गाभा एकदा पाणी पिऊन फुगला की तो परत बसत नाही, खालून कापून पट्टी लावली तर वर्ष-दोन वर्षं निघतात, त्यापेक्षा पीव्हीसी नाहीतर डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) दार लावा आणि जमलं तर चौकट ग्रॅनाइटची. तिथे लाकडाचा हट्ट मी पण धरणार नाही.

आता मिस्टरांसाठी, कारण त्यांची बाजूही चुकीची नाही. यूपीव्हीसी चांगली वस्तू आहे, वाळवी नाही, रंग नाही, आवाज कमी. पुढे कधी वरची खिडकी बदलायचीच झाली तर यूपीव्हीसी घ्या, पण स्लायडिंग नको, बाहेर उघडणारी घ्या, तिचं रबर चारी बाजूंनी दाबून बसतं म्हणून वाऱ्याच्या पावसात ती कितीतरी पटीने बरी. दुकानात प्रोफाइलचा, म्हणजे फ्रेमच्या पोकळ पट्टीचा, कापलेला तुकडा हातात मागा आणि आत लोखंडी पट्टी आहे का ते बघा, नुसतं प्लास्टिक असेल तर मोठा पल्ला वाकतो. पश्चिमेला गडद रंग नको. हे प्लास्टिक उन्हात चांगलंच वाढतं, पाच फुटी पट्टी सकाळच्या थंडाव्यापासून दुपारच्या तापेपर्यंत ३ मिलिमीटरच्या आसपास लांब होते, आणि गडद रंग तापतो जास्त. म्हणून भिंत आणि फ्रेममधे चारी बाजूंनी ५ मिलिमीटर जागा सोडून फोम भरतात. माप घेणाऱ्याने रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा घेतली पाहिजे आणि सगळ्यात लहान धरली पाहिजे, आणि बसवल्यावर दोन्ही कर्ण मोजायला लावा, सारखे आले नाहीत तर पैसे देऊ नका. जो एकदाच टेप लावून निघून गेला त्याला परत बोलवू नका.

पण खालच्या सागाच्या दारांच्या जागी यूपीव्हीसी मी बसवणार नाही. नुसती मायेची गोष्ट नाहीये ही. ती चौकट भिंतीबरोबर बांधलेली आहे, चौकट धरून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट विटांत घुसलेत, ती उपटली की दोन्ही बाजूंची वीतभर भिंत खाली येणार, दारावरच्या आडव्या तुळईला, लिंटेलला, तडा जाऊ शकतो, मग गवंडी, प्लास्टर, रंग, फरशी, आणि हा सगळा खर्च मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्यात नाही, विचारून बघा. आणि रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे ना, एकदा सगळ्यांनी मिळून जाऊन या, दीडशे वर्षांच्या वरचं लाकूड आहे ते. सासूबाईंनाही न्या, त्यांना आपलं म्हणणं मिस्टरांना दाखवता येईल.

रंगाचं एक राहिलं, नातू लहान आहे म्हणून. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसं असू शकतं आणि तुमच्या दारांवर असे कितीतरी थर असतील. कोरडं घासू देऊ नका, ब्लो लँपने जाळू देऊ नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, सुताराला मास्क, खाली प्लास्टिक, आणि नातू त्या खोलीत नको, धूळ ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाकायची.

दिवाळीनंतर दार एकदा पूर्ण उतरवा. वरची कड आणि खालची कड बघा, मला जवळजवळ खात्री आहे त्या कोऱ्या असतील, रंगारी दार न उतरवता रंगवतो त्यामुळे तिथे ब्रश कधी पोचतच नाही, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते याच कापलेल्या टोकांतून. त्या दोन कडांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हात द्या. तेव्हा दार पूर्ण वाळलेलं असेल, तेव्हाही खडूची खूण उमटली तर तेवढ्याच वीतभर जागेवर रंधा चालेल, दोन पापुद्रे, मग लगेच त्या कोऱ्या जागेला रंग किंवा तेल. रंग नको असेल आणि सागाचा मूळ रंग ठेवायचा असेल तर अळशीचं तेल टर्पेंटाइन घालून पातळ करून फडक्याने मुरवा, दहा मिनिटांनी वरचं पुसून घ्या, हाताला चिकट लागायचं थांबेपर्यंत वाळू द्या, असे तीन हात. आणि ती तेलाची फडकी कामानंतर गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक फडकं उलगडून बाहेर दोरीवर वाळत घाला, कडक झालं की मग कचऱ्यात.